दोन आकड्यांमधला वेळ

१९६१पर्यंत मुंबईच्या जुगाराचा आकडा न्यूयॉर्कहून येत असे. तिथल्या कॉटन एक्स्चेंजमध्ये कापसाचा उघडताना आणि बंद होताना जो भाव निघे, तो टेलिप्रिंटरवरून मुंबईच्या कापूस बाजारात उतरायचा. कापसाशी ज्यांचा संबंध अंगातल्या सदऱ्यापुरताच, अशी माणसंही त्या भावावर पैसे लावून बसलेली असायची. दिवसाला दोन भाव, म्हणजे दिवसाला दोनदा जिंकायची किंवा हरायची सोय. मधला सगळा वेळ वाट पाहण्याचा.

न्यूयॉर्कने भाव कळवण्याची ही पद्धत बंद केली, तेव्हा खरं तर हा खेळ तिथेच संपायला हवा होता. कापूस गेला, भाव गेला, टेलिप्रिंटरची टकटक गेली. राहिली ती दिवसातून दोनदा आकडा येण्याची सवय, आणि ती एवढी पक्की झाली होती की आकडा कशाचा याच्याशी कुणाला देणंघेणं उरलं नव्हतं. शून्य ते नऊ आकड्यांच्या चिठ्ठ्या मातीच्या मटक्यात टाकायच्या आणि एक काढायची, एवढ्यावर भागलं. पुढे मटकाही गेला, त्याच्या जागी पत्त्यांचा कॅट आला. नाव तेवढं राहिलं.

कच्छमधल्या रतडिया गावचा कल्याणजी भगत १९४१ साली मुंबईत आला. मसाल्याची फेरी, मग वरळीला किराणा दुकान, असं करत १९६२मध्ये त्याने स्वतःचा मटका सुरू केला. तोच कल्याण मटका. त्याचा कल्याण स्टेशनशी काहीतरी संबंध असावा, असं समजणारी माणसं आजही भेटतात. दोन वर्षांनी, १९६४मध्ये, रतन खत्रीने न्यू वरळी मटका काढला. खत्री सिंधी, फाळणीच्या वेळी कराचीहून आलेला मुलगा. कल्याणजीचा मटका सातही दिवस चाले, खत्रीचा सोमवार ते शनिवार. खत्रीने खेळणाऱ्याला नियम जरा सोयीचे करून दिले, आणि बघता बघता 'मटका किंग' झाला. पहिला आकडा रात्री नऊला, दुसरा बाराला. आणीबाणीत तो दीडेक वर्ष तुरुंगात होता. त्याच सुमारास, १९७५ला, फिरोज खानचा 'धर्मात्मा' आला. त्यातलं प्रेमनाथचं पात्र खत्रीवरून घेतलेलं. मे २०२०मध्ये खत्री मुंबईत वारला तेव्हा टाळेबंदी चालू होती आणि ज्या शहराला त्याने रात्री बारापर्यंत जागं ठेवलं, ते संध्याकाळीच दार लावून बसलं होतं.

हा खेळ चालतो कसा, ते एकदा नीट पाहिलं पाहिजे, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे. कॅटमधून तीन पत्ते निघतात. समजा ३, ६ आणि ७ निघाले. हे झालं पान. बेरीज १६, तिचा शेवटचा आकडा ६. हा ओपन. रात्री पुन्हा तीन पत्ते: १, ४, ९. बेरीज १४, म्हणून क्लोज ४. दोन्ही मिळून जोडी ६४. चार्टवर हे ३६७-६४-१४९ असं लिहिलं जातं, आणि ज्याला ते वाचता येतं तो त्या एका ओळीत अख्खा दिवस वाचतो. चार्ट म्हणजे वर्षानुवर्षांच्या जोड्यांचं कोष्टक. ११, २२ अशा जोड्या त्यात लाल असतात, आणि ०५, १६, २७, ३८, ४९ यासुद्धा लाल, कारण पाचाच्या फरकाने एक आकडा दुसऱ्याचा 'कट' मानला जातो. लाल जोड्या कोणत्या वारी पडल्या, गेल्या महिन्यात ओपनला कोणता आकडा आलाच नाही, यावर वही भरून हिशेब मांडणारी माणसं असतात. सातवी नापास माणूस त्या वहीत अशी आकडेमोड करतो की शाळेतल्या गणिताच्या मास्तरांनी तोंडात बोट घालावं. पत्त्यांना आदल्या दिवसाचं काहीच आठवत नसतं, एवढी एक गोष्ट सोडली तर ती आकडेमोड निर्दोष असते.

ज्याला वही जमत नाही त्याला स्वप्न चालतं. स्वप्नात साप दिसला, घरासमोर गाडी थांबली, तिच्या नंबरचे शेवटचे दोन आकडे, देवळातल्या पुजाऱ्याने सहज म्हटलेला एखादा शब्द. आकडा देणारे बाबा तर गावोगाव होते आणि आहेत. बाबाचा आकडा आला की त्याची कीर्ती पंचक्रोशीत, नाही आला की भक्ताच्या मनात किंतु होता. हा धंदा मटक्याहून बिनधोक.

पैसे किती मिळतात? ओपन किंवा क्लोज लागला तर रुपयाला नऊ, जोडी लागली तर रुपयाला नव्वद. आकडे दहा, मिळतात नऊ. जोड्या शंभर, मिळतात नव्वद. म्हणजे शंभरातले दहा रुपये बाजूला पडतात. त्यातूनच आकडा लिहून घेणाऱ्या रायटरचे टक्के, बुकीचा नफा, पोलिसांचा हप्ता. पानाचा भाव याहून वाईट. तीन वेगवेगळ्या आकड्यांचं पान हजारात साधारण सहा वेळा यावं, म्हणजे रास्त भाव १६६ रुपये झाला, आणि मिळतात १४०च्या आसपास. खेळणारे म्हणतात पानात मजा आहे. मजेचे पैसे वेगळे लागतात.

हे दहा टक्के लक्षात ठेवावेत, ते पुढे पुन्हा लागणार आहेत.

लालबाग, परळ, वरळी, लोअर परळ या पट्ट्यात मटका का रुजला हे सांगायला समाजशास्त्रज्ञ नको. गिरणीची पाळी सुटायची वेळ ठरलेली, पगाराची तारीख ठरलेली, वाटेवरचा पानवाला ठरलेला. रायटर गिरणीच्या दाराजवळच बसे. त्याला आपला माणूस कोण, कुणाला उधारीवर लिहून द्यायचं, कुणाची बायको येऊन भांडेल, हे सगळं ठाऊक असे. चार आण्यापासून आकडा लागायचा. चिठ्ठीवर ना नाव ना सही, तरी सकाळी पैसे मिळत. बेकायदा धंद्याला कोर्टात जाता येत नाही, म्हणून त्याला शब्द पाळावा लागतो. मी या धंद्याचं गुणगान करत नाही. कोकणात मनिऑर्डर न पोचलेली घरं, गहाण पडलेली मंगळसूत्रं आणि कुलकर्ण्यांपासून काठेवाडी वाण्यापर्यंत पसरलेली उधारी, या सगळ्यांचा जमाखर्च कुणी मांडलेला नाही. पण एक गोष्ट नोंदवायची आहे. माणूस संध्याकाळी पैसे लावायचा आणि त्यानंतर त्याच्या हातात काही नसायचं. रात्री बाराला काय ते कळणार. मधे जेवण, भजन, भांडण, झोप. हरलेल्या माणसाला हरलेलं परत मिळवायची घाई होते, हे सगळ्या जुगाऱ्यांचं लक्षण आहे. मटक्यात ती घाई उद्यापर्यंत थांबवून ठेवावी लागे.

१८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या घरातले कामगार रस्त्यावर आले. गिरण्या संपल्या, पगाराची तारीख संपली. नव्वदच्या दशकात पोलिसांचाही दट्ट्या वाढला. खत्रीची सद्दी संपली. कल्याणजीचा धंदा त्याच्या मुलाकडे, सुरेश भगतकडे गेला. जून २००८मध्ये अलिबागच्या कोर्टातून परतताना सुरेशच्या गाडीवर ट्रक घालण्यात आला आणि तो ठार झाला. खटल्यात त्याची पत्नी आणि मुलगा दोषी ठरले. मुंबईने मटक्याचा शेवटचा मोठा मथळा तो वाचला.

पण मुंबईबाहेर मटका आडवातिडवा पसरला होता. विदर्भातल्या दैनिकांत आजही 'वरली मटक्यावर धाड' अशी बातमी येते. आकडा घेणाऱ्याने आयुष्यात वरळीचा समुद्र पाहिलेला नसतो. आणि एका कल्याणच्या जागी आता टाइम बाजार, मिलन डे, मिलन नाइट, राजधानी, मेन मुंबई असे किती तरी बाजार आहेत, सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत एकामागून एक. एक लागला नाही तर दुसरा तासाभरात. मटक्याने स्वतःचा सगळ्यात मोठा बदल केला तो हा.

सरकार या सगळ्यात कुठे होतं? दोन्हीकडे. जुगाराविरुद्धचा आपला कायदा १८८७चा, राणीच्या राजवटीतला. तो आजही मुंबई-महाराष्ट्रात लागू आहे. दुसरीकडे, केरळने १९६७मध्ये सरकारी लॉटरी काढली आणि महाराष्ट्राने १९६९मध्ये. भर मटक्याच्या काळात, त्याच पानवाल्याशेजारी, दोरीला लटकवलेली सरकारी तिकिटं. तिकीट घेतलं तर राज्याच्या विकासाला हातभार, चिठ्ठी घेतली तर गुन्हा. पण सरकारी लॉटरी सुरुवातीला तरी संथ होती, सोडत व्हायला दिवस लागत. मग खासगी वितरक आले, एका आकड्याची लॉटरी आली, आणि तिकिटाचं दुकान मटक्याच्या अड्ड्यासारखं दिसू लागलं. संसदेने १९९८चा लॉटरी कायदा केला त्यात एक अट आवर्जून घातली: एका आकड्यावर बक्षीस देता येणार नाही. हे कलम ज्याने लिहिलं त्याला मटका नक्की माहीत असणार.

कोर्टाची कथा आणखी गमतीची. पन्नासच्या दशकात बेंगळुरूहून निघणाऱ्या एका पत्रातून आर. एम. डी. चमारबागवाला बक्षिसांची शब्दकोडी चालवत. प्रवेश फी भरून कोडं सोडवायचं, उत्तर जुळलं तर घसघशीत रक्कम. मुंबई सरकारने त्यावर कर आणि नियंत्रण आणलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९५७मध्ये न्यायालयाने सांगितलं की जुगार हा व्यापारच नव्हे, तेव्हा व्यापाराच्या स्वातंत्र्याचं संरक्षण त्याला नाही. निकालपत्रात थेट ऋग्वेदातल्या जुगाऱ्याचा आणि महाभारताचा दाखला आहे. पण त्याच वर्षीच्या जोड निकालात एक दार किलकिलं राहिलं: ज्या स्पर्धेत कौशल्याचा अंश मोठा, ती जुगार नाही. १९६७मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबाचं प्रकरण आलं. सभासद रमी खेळत बसले होते, पोलिसांनी धरलं. न्यायालय म्हणालं, रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ, पत्ते लक्षात ठेवावे लागतात. पुढे असंही म्हणालं की क्लबाचा मालक त्या खेळातून नफा काढत असेल तर मात्र गुन्हा होऊ शकतो.

पहिलं वाक्य पुढच्या पन्नास वर्षांत हजारो वेळा उद्धृत झालं. दुसरं वाक्य वकिलांच्या नजरेतून फार सोयीस्करपणे निसटलं.

त्या पहिल्या वाक्यावर मोबाइलमधला अख्खा उद्योग उभा राहिला. मुंबईत २००८मध्ये स्थापन झालेली ड्रीम११ कंपनी क्रिकेटच्या 'टीम बनवा'वर मोठी झाली. हा जुगार नव्हे, असं २०१९मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलं. २०२३मध्ये तिने भारतीय संघाच्या अंगावर आपलं नाव ३५८ कोटींना तीन वर्षांसाठी घेतलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पिंपरी-चिंचवडच्या एका पोलीस उपनिरीक्षकाला याच अ‍ॅपवर दीड कोटी लागले. गावात जल्लोष झाला आणि खात्याने त्याला निलंबित केलं. जाहिरात भारतीय संघाच्या छातीवर चालते, बक्षीस वर्दीला चालत नाही. असल्या जाहिराती भारतरत्नाने करू नयेत म्हणून तेव्हाचे आमदार बच्चू कडू सचिन तेंडुलकरच्या वांद्र्याच्या घरासमोर आंदोलनाला बसले, तेही २०२३मध्येच. आणि जुलै २०२५मध्ये राज्याचे तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळत असल्याचा व्हिडिओ फिरला. आपण खेळत नव्हतो, आलेली जाहिरात काढत होतो, असा त्यांचा खुलासा. महिन्याअखेर त्यांचं कृषिखातं गेलं आणि त्यांना जे खातं मिळालं ते क्रीडा.

हसून झालं असेल तर आता ते दहा टक्के काढू.

समजा, एक माणूस मटक्यावर रोज शंभर रुपये ओपनला आणि शंभर क्लोजला लावतो. सरासरीने त्याचं रोजचं नुकसान वीस रुपये. समजा, दुसरा माणूस फोनवर दोघांची रमी खेळतो. डाव शंभरचा, दोघांचे मिळून दोनशे, त्यातले दहा टक्के कंपनी घेते आणि जिंकणाऱ्याला १८० देते. दोघंही सारखेच हुशार धरले तर प्रत्येकाचं सरासरी नुकसान डावाला दहा रुपये. कंपनीचा कट आणि बुकीचा कट एकच. पण फोनवरचा डाव तीनेक मिनिटांत आटपतो. तासाला वीस डाव, म्हणजे तासाला दोनशे रुपये. मटकेवाल्याला जे हरायला दहा दिवस लागले असते, ते हा ऊस तोडायच्या आधी बैलगाडीवर बसल्या बसल्या हरतो. कौशल्य कुणाकडे जास्त, कुणाकडे कमी, यावर पैसे कोणत्या खेळाडूकडे सरकतात ते ठरतं. कंपनीच्या दहा रुपयांना कौशल्याशी काही कर्तव्य नाही. सत्तर वर्षं आपली न्यायालयं नशीब की कौशल्य या प्रश्नावर खल करत राहिली. दोन डावांमध्ये वेळ किती आणि प्रत्येक डावातून कोण किती काढून घेतं, हे विचारलं असतं तर प्रकरण बरंच आधी उमगलं असतं.

गोव्याचे कॅसिनो याच हिशेबाचं दिव्यांनी सजवलेलं रूप. गोव्याने १९७६च्या आपल्या जुगारबंदी कायद्यात १९९२मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांना मुभा दिली आणि १९९६मध्ये पाण्यावरच्या जहाजांना. मांडवीत पणजीसमोर जी तरंगती जत्रा दिसते ती त्याचं फळ. एक शून्य असलेल्या रुलेटच्या चक्रात ३७ घरं असतात आणि आकडा लागला तर लावलेले परत आणि वर ३५ पट मिळतात. मालकाचा कट तीन टक्क्यांहूनही कमी, मटक्याच्या पाव हिश्शाच्या आसपास. पण चक्र तासाला तीसदा फिरलं आणि दर वेळी शंभर लावले, तर सरासरी ८१ रुपये गेले. आत घड्याळ नसतं आणि खिडकीही नसते. मनोहर पर्रीकरांनी विरोधी बाकांवरून या जहाजांविरुद्ध रान उठवलं होतं, ते सत्तेत आले तरी जहाजं मांडवीतच राहिली. १ फेब्रुवारी २०२०पासून गोवेकरांना आत जायला बंदी आहे. पुण्या-कोल्हापुराच्या, बेळगावच्या माणसाला नाही. घरच्यांना बाधू नये एवढी काळजी गोव्याने घेतली, पाहुण्यांचं पाहुण्यांनी बघावं. महाराष्ट्राचा व्यवहार याहून मजेदार. १९७६मध्ये आपण कॅसिनोला परवानगी देणारा कायदा मंजूर केला, तो कधीच अंमलात आणला नाही, आणि २०२३मध्ये रद्द केला. सत्तेचाळीस वर्षं तो कायदा फाइलीत झोपला होता.

ऑगस्ट २०२५मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या सगळ्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. २० तारखेला लोकसभा, २१ला राज्यसभा, २२ला राष्ट्रपतींची सही. उण्यापुऱ्या तीन दिवसांत एक उद्योग आडवा. पंचेचाळीस कोटी लोक यात सापडलेत आणि वर्षाला वीस हजार कोटी रुपये गमावतात, असा सरकारचा अंदाज होता. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख. नशीब की कौशल्य हा भेद या कायद्याने बाजूला ठेवला. पैसे लावले की झालं. ड्रीम११ने पैशाचे डाव थांबवले आणि भारतीय संघाच्या सदऱ्यावरचं नावही काढून घेतलं. तोवर याच सरकारला २०२३च्या ऑक्टोबरपासून या डावांतल्या पैशांवर २८ टक्के जीएसटी गोड लागत होता. बंदीच्या महिनाभरात, २२ सप्टेंबरपासून, कॅसिनो, घोड्यांच्या शर्यती आणि लॉटरी यांचा दर ४० टक्के झाला. त्यांच्यावर बंदी नाही.

या नव्या कायद्यातली एक गोष्ट मला पटते. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. तो पीडित आहे, असं संसदेत सांगितलं गेलं. आता खानदेशात चला. आखाजीला जळगाव-धुळ्याच्या गावांत बाया झोक्यावर गाणी म्हणतात आणि बाप्ये झाडाखाली पत्ते कुटतात. कित्येकांना वर्षभरात तेवढाच काय तो जुगार. झन्नामन्ना, तीन पत्ती, मराठवाड्याकडे गेलं तर तिरट. त्या दिवशी पोलिसांची गाडी येते. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात साचा ठरलेला: पत्ते, रोकड, सात मोबाइल, चार मोटारसायकली असा अमुक लाखांचा मुद्देमाल आणि अमुक इसम ताब्यात. मुद्देमालात रोकड कमी आणि मोटारसायकलींची किंमत जास्त, म्हणून आकडा लाखांत जातो. त्यातल्या एखाद्याने वर्षभर फोनवर रमी खेळून जमीन गहाण टाकली असेल, तर त्या प्रकरणात तो नव्या कायद्याने पीडित. झाडाखाली पन्नास रुपयांवर शेजाऱ्याशी तिरट खेळताना सापडला, तर १८८७च्या कायद्याने आरोपी. तिथे कुणी कट घेत नव्हतं, पैसे गावातले गावातच फिरत होते, आणि वाटणाऱ्याला पत्ते पिसायलाही वेळ लागत होता. जप्त केलेल्या सात मोबाइलमध्ये काय काय होतं, हे पंचनाम्यात लिहायची पद्धत नाही.